पोर्तोतली दीड तासाची वाइन टेस्टिंग: सात ग्लास की तीन?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जूनच्या उत्तरार्धात पोर्तुगालमधल्या पोर्तोला दोन दिवस मुक्काम. नवरा-बायको आणि सासू-सासरे असे चौघं. वाइनमधलं कुणालाच फारसं कळत नाही. सासरे कधीमधी एखादा ग्लास घेतात. सासूबाई अजिबात घेत नाहीत, शिवाय शाकाहारी आहेत. जुन्या शहरात ‘नव्वद मिनिटं, सात वाइन, सोबत चीजची थाळी’ अशी गाइडसह टेस्टिंग दिसते आहे. ती घ्यावी, की नदीपलीकडे पोर्टच्या, म्हणजे इथल्या गोड, तीव्र वाइनच्या, कोठारात जावं? आणि काही कळतच नसेल तर हे पैसे पाण्यात जाणार नाहीत का?

मी पोर्तोत छोट्या गटांसाठी टेस्टिंग घेते. म्हणजे मी धंद्यातलीच आहे, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा. तरीही सात वाइनवाली टेस्टिंग तुम्ही चौघांनी घेऊ नये असंच मी म्हणेन. कारण पैशाचं नाही.

‘आम्हाला कळत नाही’ ही तुमची खरी अडचण नाहीच. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना कळत नसतं, आणि ज्यांना कळतं असं वाटत असतं त्यांच्यापेक्षा त्यांना शिकवणं सोपं जातं. दीड तासात तुमच्यापुढे काय ठेवलं जाईल, ते एकमेकांशी ताडून बघता येईल का, आणि न पिणाऱ्या माणसाने तो दीड तास काय करायचं, खरे प्रश्न हे तीन आहेत.

आधी सातचं गणित करू. नव्वद मिनिटांतली पहिली पंधरा ओळखपाळख, इतिहास आणि उशिरा येणाऱ्यांची वाट बघण्यात जातात. उरलेल्या वेळात प्रत्येक वाइनच्या वाट्याला दहाएक मिनिटं येतात आणि त्यातली निम्मी गाइडच्या बोलण्याची. आता दारूचं गणित. समजा, चार साध्या वाइन आणि तीन पोर्ट, प्रत्येकी ६० मिली. साधी वाइन साधारण १३ टक्के, पोर्ट २० टक्के धरली तर सगळं मिळून तुम्ही दीड तासात साध्या वाइनच्या एका बाटलीचा जवळपास दोन-तृतीयांश भाग पोटात घातलेला असतो. अधूनमधून एखादा ग्लास घेणाऱ्या सासऱ्यांसाठी हे फार झालं. आणि चौथ्या-पाचव्या ग्लासनंतर नवशिक्याच्या जिभेला फरक कळेनासा होतो, तेव्हा शेवटचे दोन ग्लास, जे बहुधा सगळ्यात महागाचे असतात, नुसतेच गोड लागतात. टेस्टिंगमध्ये थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. ते मागायला लाजू नका. व्यावसायिक चाखणारे सगळे थुंकतातच. पण सुट्टीवर आलेली माणसं ते वापरत नाहीत, हेही मला माहीत आहे.

सात वाइनची टेस्टिंग वाईट असते असं नाही. ज्याला पोर्तुगालच्या वेगवेगळ्या भागांची तोंडओळख हवी आहे, म्हणजे उत्तरेची हलकी आंबटसर व्हिन्यू व्हेर्द, मग दांव, आलेंतेजू, दोरोची लाल, त्याला ती उपयोगी पडते. पण त्यासाठी आधी थोडी वाइन प्यायलेली असावी लागते. सात अनोळखी माणसांशी एकदम ओळख करून दिली तर संध्याकाळी नावं आठवत नाहीत, तसं होतं.

तुमच्यासाठी तीन ग्लास पुरेत, आणि ते पोर्टचेच असावेत. असं का, हे जरा खोलात सांगते, कारण बाकी सगळं यावरूनच ठरतं.

पोर्टची द्राक्षं पोर्तोत पिकत नाहीत. दोरो नदीच्या वरच्या अंगाला, साधारण शंभर किलोमीटर आत, दोरोच्या खोऱ्यात पाटीसारख्या थरांच्या खडकाळ उतारांवर ती होतात: तोरिगा नासियोनाल, तोरिगा फ्रांका, तिंता रोरिझ अशी जातींची मिसळ. द्राक्षं तुडवली की रस आंबायला लागतो, साखरेची दारू होऊ लागते. साधी वाइन करायची असेल तर हे शेवटपर्यंत चालू देतात. पोर्टसाठी मात्र दोन-तीन दिवसांत, साधारण निम्मी साखर शिल्लक असतानाच, त्यात ७७ टक्के तीव्रतेचं द्राक्षांचं मद्य ओततात. पारंपरिक हिशेब असा, की ४३५ लिटर रसाला ११५ लिटर मद्य, म्हणजे ५५० लिटरचं एक पिंप भरतं. एवढ्या तीव्रतेत यीस्ट मरतं, आंबणं थांबतं आणि उरलेली साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट गोडही असते आणि साधारण १९ ते २२ टक्के तीव्रही. वरून साखर कुणी घालत नाही. हा प्रश्न प्रत्येक गटात येतो, म्हणून आधीच सांगून टाकते.

आता गंमत इथून सुरू होते. हीच वाइन मोठ्या टाकीत, हवेचा फारसा संपर्क न येऊ देता दोन-तीन वर्षं ठेवली तर ती रूबी. गडद लाल, चेरी-जांभळाच्या वासाची. तीच लहान लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं ठेवली तर लाकडातून हवा आत शिरत राहते, रंग विरत जाऊन तपकिरी-सोनेरी होतो, फळांचा ताजा वास जातो आणि अक्रोड, सुकं अंजीर, जरदाळू, जळत्या साखरेचा वास येतो. ती टॉनी. द्राक्ष तेच, मद्य तेच. फरक फक्त भांड्याचा आणि काळाचा. हे दोन ग्लास शेजारी ठेवले की ज्याने आयुष्यात वाइन प्यायलेली नाही त्यालाही दोन मिनिटांत फरक दिसतो, वासात कळतो, जिभेवर कळतो. साध्या वाइनमध्ये दोन प्रदेशांतला फरक इतका ढळढळीत नसतो. म्हणून नवशिक्याला पोर्टपासून सुरुवात करून द्यायला मला आवडतं, जरी अनेक सहकारी उलट म्हणतात. त्यांचं म्हणणं, गोड वाइनने सुरुवात केली की नंतर बाकी सगळं आंबट लागतं. त्यात तथ्य आहे. पण तुम्ही नंतर काही पिणारच नसाल तर तो मुद्दा उरत नाही.

तिसरा ग्लास कोणता? माझं उत्तर: वीस वर्षांची टॉनी. पहिल्या दोन ग्लासांत भांड्याचा फरक कळला, तिसऱ्यात काळाचा कळतो. पर्याय असेल तर दुसरा ग्लास दहा वर्षांच्या टॉनीचा मागा, म्हणजे दहा आणि वीस शेजारी येतील. इथे एक समज दूर करायला हवा. बाटलीवरचा ‘२०’ म्हणजे आतला प्रत्येक थेंब वीस वर्षांचा, असं नाही. ती वेगवेगळ्या वर्षांच्या वाइनची मिसळ असते आणि तिची चव वीस वर्षांच्या टॉनीला शोभेल अशी आहे की नाही, हे दोरो आणि पोर्ट वाइन संस्थेचे चाखणारे ठरवतात. बाटलीच्या गळ्यावरची हमीची पट्टी याच संस्थेची. एकाच वर्षाची, किमान सात वर्षं लाकडात राहिलेली टॉनी हवी असेल तर तिला कुल्येइता म्हणतात. तिच्यावर ते वर्ष छापलेलं असतं.

व्हिंटेज पोर्टचा मोह बहुतेकांना होतो, कारण नाव ऐकलेलं असतं. छोट्या टेस्टिंगमध्ये तिच्यासाठी जादा पैसे मोजू नका. व्हिंटेज एकाच वर्षाची असते, ती दोन-तीन वर्षांतच बाटलीत भरतात आणि मग ती बाटलीतच दशकानुदशकं पिकते. टेस्टिंगमध्ये मिळते ती बहुधा तरुण असते: तुरट, दणकट, तोंड कोरडं करणारी. तिचा अंदाज हवाच असेल तर एलबीव्ही, म्हणजे लेट बॉटल्ड व्हिंटेज, मागा. तीही एकाच वर्षाची, पण चार ते सहा वर्षांनी बाटलीत भरलेली, त्यामुळे प्यायला तयार आणि खिशाला परवडणारी.

आता जागेविषयी. पोर्तोचं जुनं शहर, म्हणजे रिबेरा आणि वर चढत गेलेल्या गल्ल्या, नदीच्या उत्तर काठावर आहे. १९९६ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदलं ते हे शहर, सोबत लुईस पूल आणि पलीकडचा सेरा दो पिलार मठ. पोर्टची कोठारं मात्र समोरच्या काठावर, व्हिला नोव्हा द गायामध्ये आहेत, आणि ते वेगळं शहर आहे. त्यामुळे जाहिरातीत ‘जुन्या पोर्तोत वाइन टेस्टिंग’ असं लिहिलेलं असेल तर ती बहुधा एखाद्या वाइन बारमध्ये किंवा दुकानाच्या मागच्या दगडी खोलीत असते. तिथे पिंपांच्या रांगा दिसणार नाहीत. हे फसवणं नव्हे; पण लोक फोटोत पिंपं बघून येतात आणि हिरमुसतात.

कोठारं गायात का, याला हवामानाचं कारण आहे. दोरोच्या खोऱ्यात उन्हाळा भाजून काढतो, चाळीस अंशांच्या वर पारा जातो. तिथे वाइन पिंपात ठेवली तर फार भराभर म्हातारी होते. गायाचा काठ उत्तराभिमुख, सावलीचा, अटलांटिकच्या दमट वाऱ्याचा. म्हणून पूर्वी वसंतात राबेलू नावाच्या चपट्या बुडाच्या होड्यांतून पिंपं खाली आणत. पोर्तुगालचे मंत्री मार्केस द पोंबाल यांनी १७५६ मध्ये दोरोची हद्द आखून दिली, कोणत्या जमिनीतली वाइन पोर्ट म्हणून विकायची ते ठरवलं; आणि विसाव्या शतकात तर निर्यात गायातल्या कोठारांतूनच व्हावी असा नियम होता, तो १९८६ मध्ये सुटला. आज धक्क्याला बांधलेल्या राबेलू शोभेच्या आहेत. नदीवर धरणं झाली, माल टँकरने येतो.

तुमच्या चौघांसाठी मी गाया निवडेन, आणि त्याचं मुख्य कारण सासूबाई. बारमधल्या टेस्टिंगमध्ये न पिणाऱ्या माणसाला दीड तास खुर्चीत बसून इतरांचे ग्लास बघावे लागतात. कोठाराच्या फेरीत चालायला मिळतं, अंधाऱ्या गारव्यातल्या पिंपांच्या रांगा बघायला मिळतात, आणि लाकूड, दमट दगड आणि उडून जाणाऱ्या वाइनचा मिळून जो वास येतो तो न पिताही घेता येतो. दरवर्षी पिंपातली साधारण दोन टक्के वाइन हवेत उडून जाते, त्याचाच तो वास. जून महिन्यात बाहेर तापलेलं असताना आतला गारवाही सुखाचा. न पिणाऱ्यांना तिकीट कमी आहे का, ग्लासऐवजी द्राक्षाचा रस मिळेल का, हे बुकिंग करतानाच विचारा. काही ठिकाणी मिळतं, काही ठिकाणी पूर्ण पैसे घेतात. सोबत मुलं असती तर वेगळा विचार करावा लागला असता, कारण पोर्तुगालमध्ये मद्यासाठी वयाची अट १८ आहे.

सासऱ्यांचे गुडघे कसे आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि यावर बरंच अवलंबून आहे. धक्क्यावरची कोठारं, उदाहरणार्थ सँडमन, कालें, फेरेइरा, सपाटीवर आहेत. टेलर्स आणि ग्रॅहम्स टेकडीवर आहेत. तिथून पोर्तोचं दृश्य सुरेख दिसतं, पण दगडी चढ चांगलाच दमवतो. चढ टाळायचा असेल तर मेट्रोच्या पिवळ्या मार्गाने लुईस पुलाच्या वरच्या मजल्यावरून झार्दिं दो मोरूला उतरा आणि तिथून केबल कारने खाली धक्क्यावर या. सँडल नको, रबरी तळाचे बूट घाला. इथले फरशीचे दगड झिजून गुळगुळीत झाले आहेत, आणि तुम्ही परतताना थोडी चढलेली असणार.

बुकिंगआधी संयोजकाला काय विचारायचं? वाइन किती, यापेक्षा कोणत्या, हे विचारा. ‘तीन प्रीमियम पोर्ट’ या उत्तराला काही अर्थ नाही. ‘एलबीव्ही, दहाची टॉनी, वीसची टॉनी’ असं उत्तर आलं तर माणूस विचार करून मांडणी करतो आहे. तिन्ही ग्लास एकदम समोर ठेवणार की एकामागून एक, हेही विचारा. एकदम ठेवणारा मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण मागच्या ग्लासाकडे परत जाता आलं तरच तुलना होते. गटात किती माणसं, ग्लासात किती मिली, फेरी कोणत्या भाषेत. पंचवीस जणांच्या गटात प्रश्न विचारायला कुणी धजावत नाही. आठ-दहांच्या आत असेल तर थोडे जास्त युरो मोजायला हरकत नाही. तीन ग्लास, प्रत्येकी ५० मिली, म्हणजे साध्या वाइनच्या बाटलीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी दारू होते. तरीही गाडी भाड्याने घेतली असेल तर त्या दिवशी कुणीच चालवू नये. मर्यादा रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅमची आहे आणि गोड वाइनचा अंदाज भल्याभल्यांना येत नाही.

थाळीचंही बघा. ‘चीजची थाळी’ म्हटलं तरी तिच्यावर प्रेझुंतू, म्हणजे डुकराच्या मांसाचे पातळ काप, सहज येतात. शाकाहारी आहे हे आधी कळवा, आयत्या वेळी नको. चीजमध्ये सेरा दा एस्त्रेला मिळालं तर उत्तम. ते मेंढीच्या दुधाचं, आणि दूध फाडायला प्राण्यांच्या पोटातलं रेनेट नव्हे तर काटेरी रानफुलाचा अर्क वापरतात, त्यामुळे सासूबाईंना नि:शंक देता येईल. बदाम आणि मार्मेलादा, म्हणजे बिहीफळाच्या वड्या, टॉनीसोबत चीजइतक्याच छान लागतात. काटेकोर शाकाहारी माणसाने हेही ध्यानात घ्यावं, की वाइन निवळायला कधी जिलेटिन किंवा अंड्याचा पांढरा भाग वापरतात. तुमच्याकडे पिणारे हे मानत नसतील तर प्रश्न मिटला.

आता ग्लास समोर आल्यावर. पांढऱ्या कागदावर तो तिरपा धरा आणि कडेचा रंग बघा; रूबी आणि टॉनीतला फरक तिथेच सगळ्यात स्वच्छ दिसतो. आधी न हलवता वास घ्या, मग हलवून. पहिला घोट लगेच गिळू नका, पाच-सहा सेकंद तोंडात फिरवा. पहिल्या घोटाने जीभ नुसती चपापते, मत दुसऱ्या घोटावर बनवा. एक प्रयोग मी हमखास करून घेते: नाक चिमटीत धरून घोट घ्या. फक्त गोड, आंबट, तुरट एवढंच कळेल. मग नाक सोडा, आणि अंजीर-अक्रोड एकदम येऊन दाखल होतील. आपण जिला चव म्हणतो ती बरीचशी घशामागून नाकात जाणाऱ्या वासाची असते. जिभेच्या टोकाला फक्त गोड आणि कडेला आंबट कळतं, असा नकाशा अजूनही काही गाइड दाखवतात. तो केव्हाच चुकीचा ठरला आहे. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात.

गाइड म्हणेल, ‘ब्लॅकबेरीचा वास येतो ना?’ तुम्ही ब्लॅकबेरी खाल्लीच नसेल तर मान डोलवू नका. माझ्याकडे आलेल्या एका आजोबांनी वीसच्या टॉनीला ‘काकवी आणि जुनं सागवानी कपाट’ म्हटलं होतं. मला ते छापील वर्णनापेक्षा कितीतरी नेमकं वाटलं. सासऱ्यांना बोलू द्या.

वेळ सकाळी अकराची किंवा दुपारी चारनंतरची घ्या. भरपेट जेवणानंतर लगेच नको, उपाशीपोटीही नको. आणि तारखा बघा: २३ जूनची रात्र सांव झुआंवची, म्हणजे संत जॉनच्या सणाची. सगळं शहर रस्त्यावर असतं, पुलावर पाय ठेवायला जागा नसते. २४ तारखेला राबेलू होड्यांची शर्यत होते. बघायला बहार, टेस्टिंगला गैरसोयीचं. तुमचे दोन दिवस यावर पडत असतील तर कोठाराची फेरी आदल्या दिवशी उरका.

थोडक्यात तुमचा बेत मी असा आखेन: सकाळी गायात कोठाराची फेरी, तीन ग्लास, चौघं मिळून. संध्याकाळी सासू-सासरे विश्रांती घेत असताना तुम्हा दोघांना हुरूप उरला असेल तर रिबेराच्या बाजूला एखाद्या बारमध्ये दोरोच्या साध्या लाल वाइनचा एकेक ग्लास. तेव्हा तुमच्या लक्षात येईल, की हीच द्राक्षं पूर्ण आंबू दिली तर काय होतं. आणि त्यासाठी गाइडची गरज लागणार नाही.

बाटली न्यायची असेल तर टॉनी न्या. उघडल्यावर रूबी आठ-पंधरा दिवसांत उतरते, व्हिंटेज तर दोन-तीन दिवसांत संपवावी लागते. टॉनी आधीच हवेत वाढलेली असल्यामुळे फ्रीजमध्ये काही आठवडे चांगली राहते. लेबलावर बाटलीत भरल्याचं वर्ष असतं, त्यातल्या त्यात अलीकडचं निवडा, कारण टॉनी बाटलीत सुधारत नाही. विमानात ती सामानाच्या बॅगेत जाईल, केबिनमध्ये नाही. २४ टक्क्यांच्या खालच्या मद्याला विमान वाहतुकीच्या नियमात प्रमाणाची मर्यादा नाही, पण आयातशुल्काची असते, ती स्वतंत्र बघा. बाटली दोन जीन्सच्या मध्ये गुंडाळा, बॅगेच्या कडेला ठेवू नका.